लाल वर्तुळातला डाग

मी एक डाग बोलतोय. नाक मुरडू नका, मी कपड्यावरचा नव्हे. लखनऊच्या एका संशोधन संस्थेत विनया गजभियेच्या टेबलासमोरच्या भिंतीवर आकाशाचा एक फोटो चिकटवलाय, त्यातला मी.

माझं घर एक धुळकट दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची मोठी वस्ती. तिथल्या धुळीने ताऱ्यांचा उजेड गिळला, ती कोमट झाली आणि त्या उबेतून मी प्रकाश होऊन निघालो. अकरा अब्ज वर्षं चाललो. वाटेत दीर्घिकांचा एक अवजड घोळका आडवा आला. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आमच्या वाटा वाकवल्या, भिंगासारखं आम्हाला मोठं केलं आणि एकाच घराची तीन चित्रं झाली. दोन ठळक, तिसरा मी, अगदीच फिकट.

ठळक दोघांवरून विनयाने गणित मांडलं आणि तिसरं चित्र कुठे असणार ते सांगितलं. ते सापडलं तर तिची तीन वर्षं सार्थकी, नाहीतर सगळं पाण्यात. तिचा शोधनिबंध टिकतो की नाही, याचं उत्तर चार वाजता तिच्या मार्गदर्शक सरांना द्यायचं होतं. तीन वाजून गेले तरी संगणकावर ती जागा रिकामीच.

"नाहीच आहे रे," ती आशुतोषला म्हणाली. "मॉडेल चुकलं. पेपर मागे घेते म्हणून सरांना मेल करते."

आशुतोष तिचा ज्युनियर. मराठी सगळी कळते, उत्तर हिंदीत. "दीदी, एक बार और देख लो ना."

"अजून किती वेळा बघू?"

मी भिंतीवरून जीव तोडून ओरडत होतो, पण डागाचं ऐकतं कोण!

दीड वर्षापूर्वी तिने याच कागदावर फोटोतले दोष शोधले होते. दोष दिसला की लाल पेनाने वर्तुळ काढायचं, 'कचरा' लिहायचं आणि संगणकात ती जागा झाकून टाकायची. माझ्यापाशी ती क्षणभर थांबली होती. मग मलाही वर्तुळ पडलं. फार लागलं हो ते मला.

आशुतोष बाटली भरायला उठला आणि भिंतीपाशी थबकला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दीदी... ये लाल गोला आपने बनाया था?"

विनयाने पट्टी लावून जागा मोजली. गणितातली तीच निघाली. "मीच झाकलं याला."

पण जागा जुळली म्हणून नातं ठरत नाही. एकाच घरचे असू तर तिघांच्या प्रकाशात कार्बन मोनॉक्साइड वायूची खूण, म्हणजे एक रेषा, एकाच तरंगलांबीवर दिसायला हवी होती. तिने झाकण काढून प्रोग्राम लावला. वीस मिनिटांचं काम. नवव्या मिनिटाला लाइट गेली आणि यूपीएस पीं पीं करू लागला.

"अरे यार, अभी नहीं!" बॅटरी पुरावी म्हणून आशुतोषने बाकीची मशीनं भराभर बंद केली.

विनया घामाघूम होऊन नखं कुरतडत होती. इतके दिवस कचरा म्हणवून घेतल्यावर स्वतःचाच भरवसा वाटेनासा होतो. मी खरंच त्या घरचा होतो ना?

रेषा उमटली. तिघांचीही, एकाच ठिकाणी.

विनया ढसाढसा रडली. "तूच आहेस रे," ती मला म्हणाली. चारला सहा मिनिटं होती.

आशुतोष माझा कागद काढायला लागला तर ती म्हणाली, "राहू दे. नवीन मुलं येतील, त्यांना दाखवायचाय."

म्हणून मी अजून भिंतीवर आहे, तिच्याच अक्षरातला 'कचरा' शेजारी घेऊन. माझं मागणं एवढंच, कुणावर असं वर्तुळ काढताना हात क्षणभर थांबला, तर आणखी जरासा थांबू द्या. आम्ही फार लांबून आलेलो असतो.