अस्तराची बाही

शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, एक दिवस उजवा हात बांधून वावरा आणि काय काय अडलं ते लिहून आणा. वावटळीनं आठवडाभर बांधला. वावटळ हे नाव बाबांनीच ठेवलेलं, आणि वावटळ अर्ध्यात थांबली तर तिला वावटळ कोण म्हणेल?

ओढणीच्या झोळीत हात, मानेमागे गाठ. पहिल्या दिवशी टूथपेस्टचं टोपण दातांनी उघडलं, तर अर्धी ट्यूब नाकावर. वेणी घालणं तर लांबच राहिलं. पिंजारलेल्या केसांनी शाळेत गेली तेव्हा मैत्रीण म्हणाली, "काय गं, हात घरी विसरलीस?"

"त्याला सुट्टी दिलीय!"

चौथ्या दिवशी डाव्या हातानं जाड पुठ्ठा सरळ कापता आला आणि तिच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली.

बाबा शिंपी. पुढच्या खोलीतच दुकान. अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा उजवा हात लुळा पडला त्याला सात महिने झाले होते, आणि सात महिने मशीनवर चादर होती. आता बाबांचा जुना कारागीर रविवारी मशीन न्यायला येणार होता.

"देऊ नका ना बाबा. एका हातानं होतं. मी करून दाखवते."

"तू?" बाबा हसले. कितीतरी दिवसांनी. "बरं. अस्तराची एक बाही कापून दाखव. कापलीस तर मशीन जागचं हलणार नाही. शब्द दिला."

"आणि चादर?"

"तिचा तुला झगा शिवू."

शनिवारी दुपारी बाबांनी स्वतः कापड निवडलं. डाव्या हातानं खडूची रेघ ओढली, नागमोडी. गळ्यात टेप अडकवला. आईनं तो टेप पाहिला आणि डोळे पुसत आत गेली.

वावटळीनं कात्री उचलली, दाबली. कापड कापलंच नाही. दुमडून पात्यांच्या मध्ये जाऊन बसलं. पुन्हा दाबली. पुन्हा तेच. पुठ्ठा बिचारा मुकाट कापून घेत होता, हे अस्तर मात्र पाण्यासारखं निसटायचं.

"पाती फाकतात," बाबा हळूच म्हणाले. "कात्री उजव्या हाताची आहे."

"थांबा हो, आत्ताशी कुठे सुरुवात आहे!"

तिनं सगळा जोर लावला. कात्री सटकली, टेबलावरून घसरली, थेट बाबांच्या पायाच्या दिशेनं.

वावटळीनं ती वरच्यावर झेलली.

"बघितलंत?" ती ओरडली. मग तिनंही बघितलं. गळ्यात झोळी रिकामी लोंबत होती. झेलणारा हात उजवा होता.

बाबा त्या हाताकडे बघत होते. रागानं नाही.

"किती पटकन आला गं."

"चुकून, बाबा! परत बांधते. घट्ट बांधते. परत करू."

"तुझा न बोलावता आला," ते म्हणाले. "मी ह्याला सात महिने हाका मारतोय."

तिनं चावल्यासारख्या झालेल्या चिंध्या गोळा केल्या आणि टाकायला टेबलाखालचं खोकं ओढलं. ते काठोकाठ भरलेलं होतं. सगळे तुकडे असेच, कुरतडलेले, दुमडलेले. प्रत्येकावर नागमोडी खडू.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, माझ्याच हाताचं चुकत असेल," बाबा म्हणाले. "वाटलं, तुला तरी जमेल."

त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि टेबलावर गुंडाळायला घेतला. एका हातानं. तो दर वेळी उलगडत होता.

रविवारी कारागीर आला. चादर बाबांनीच ओढून काढली. मशीन उचलायला दुसऱ्या बाजूला कुणीतरी हवं होतं. आई बाहेर आलीच नाही. बाबा भिंतीला टेकून उभे राहिले.

वावटळीनं दुसरी बाजू धरली. दोन्ही हातांनी.