गाडी उभी होती

माझं काम ऐकायचं. बोलायला मला कुणी बनवलेलं नाही. पण माझी वायर आता मुळाशी तुटत आलीय, आणि माझ्यातून जे गेलं ते एकदा सांगून टाकावं असं फार दिवस वाटतंय. मी एक कॉलर माइक आहे. शर्टाच्या गुंडीजवळ चिमट्यानं लावतात तो. हरभऱ्याएवढा जीव, वर काळी स्पंजची टोपी.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते ठाऊक नाही. मला डोळे नाहीत. आठवणीतला पहिला आवाज डबा फाडल्याचा, आणि मागोमाग एका बाईचा, "हॅलो, हॅलो, येतंय का?" ती तेजस्विनी. नाशिकला गंगापूर रोडवर तिची एडिटिंगची खोली होती. पोटासाठी ती लग्नं आणि जाहिराती करायची, आणि त्यातून वेळ उरला की माहितीपट.

तिच्यामुळे मी पुष्कळ छात्यांना चिकटलो. माणसं कॅमेऱ्याकडे बघून हसत असतात, पण कापडाआड त्यांचं काळीज काय करतंय ते मला ऐकू येतं. लांबलचक भाषण करणारे आतून अगदी शांत असतात. दोन शब्द आभार मानायला उठलेला मात्र धडधडत असतो.

आखातातून परतलेल्या माणसांवर तेजस्विनी काहीतरी करत होती. त्यासाठी आम्ही विंचूरजवळ भिकनच्या घरी गेलो. तिकडे तो बरीच वर्षं ट्रक चालवत होता. २००३ साली एका मोठ्या देशाची फौज तिथून शेजारच्या देशात घुसली, तेव्हा फौजेमागून पाणी पोहोचवणाऱ्या ट्रकांत त्याचाही ट्रक होता. त्यानंतर तो गावी आला, आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं त्यानं ठरवलं.

मला त्याच्या सदऱ्याला लावल्यावर तेजस्विनी म्हणाली, "काका, तेवढा पंखा बंद करू? आवाज खराब येतो."

"पंखा राहू द्या ताई."

त्याची बायको नवसाबाई दारातून म्हणाली, "ह्यांना पंखा लागतोच. थंडीत बी. घरात आवाज नसला का उठून बसत्यात."

त्या दिवशी तो पगाराबद्दल, उन्हाबद्दल, तिकडच्या रोटीबद्दल बोलला. पंख्याच्या घरघरीत निम्मे शब्द गेले. फौजेचं नाव निघालं की त्याचं काळीज घोड्यासारखं उधळायचं आणि तो पाणी मागायचा. तेजस्विनीनं ते रात्री हेडफोनमधून ऐकलं असावं, कारण आठवड्यानं ती परत त्याच्या दारात उभी होती.

मधल्या काळात घरात बोलणं झालं होतं. मुलगा सोमनाथ आखातातच क्रेन चालवायचा. त्याचा फोन आला तेव्हा मी भिकनच्या छातीवर होतो. "आप्पा, त्या बाईला काही सांगू नका. माझ्या व्हिसाचं काही झालं म्हणजे?" भिकन हूं म्हणाला आणि फोन ठेवला.

पंखा फिरतच होता. मग बांगड्या वाजल्या, खटका पडला, पंखा मंदावत थांबला. तो नवसाबाईनं बंद केला होता. "इतकी वर्षं मी ह्यांच्या शेजारी निजते," ती म्हणाली. "झोपेत कुणाला तरी हात वर कर म्हणत्यात. कोण हाय त्यो, मला बी कळू द्या." ती त्याच्यामागे येऊन बसली. तिचा हात त्याच्या पाठीवर होता. बांगड्यांची बारीक किणकिण माझ्यात उतरत राहिली.

भिकन बोलायला लागला.

"आम्हाला नाक्यावर थांबवेल व्हतं. समोरून एक पांढरी गाडी आली. लांबच थांबली. मानूस उतरला, हात वर केले. बायको अन् पोरं मागं बसेल व्हती. काय झालं नाय ताई. कुनी काय केलं नाय. अन् गोळ्या सुटल्या."

"आधी इशारा? हवेत गोळी?"

"नाय. मी माझं इंजिन बंद केलं. का बंद केलं, देवाला ठाऊक. बंद केलं अन् ऐकू आलं. गाडीत एक पोर रडत व्हतं. त्यो मानूस रस्त्यात पडेल, खुदा, खुदा करत व्हता. मंग त्यो गप झाला. पोर रडतच व्हतं. एका शिपायानं त्याला बाहेर काढलं. कोवळा व्हता शिपाई. त्यो बी रडत व्हता."

तो थांबला. खोलीत काही आवाज उरला नाही. तरी मला लांबून पोर रडल्यासारखं ऐकू आलं. नंतर ते रेकॉर्डिंग मी तेजस्विनीच्या खोलीत पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यात तसं काहीच नाही.

त्या फौजेचं जुनं निवेदन तेजस्विनीनं शोधून काढलं आणि भिकनला मराठीत वाचून दाखवलं. वाहन भरधाव नाक्याकडे येत होतं, वारंवार इशारे देऊनही चालकानं ते थांबवलं नाही, असं त्यात होतं.

"गाडी उभी व्हती," भिकन म्हणाला. एवढंच.

पुढे काही महिने तेजस्विनी फोनवर आणि मेलवर होती. त्या देशातला एक पत्रकार अशा मेलेल्यांच्या घरच्यांना शोधत फिरत होता. त्यानं ते ठिकाण ओळखलं, आणि त्या गाडीतून वाचलेली मुलगीही त्याला सापडली. तेव्हा ती जेमतेम बोलायला लागली होती, आता शाळेत शिकवत होती. तिनं भिकनशी बोलायची तयारी दाखवली.

लॅपटॉप त्याच्या घरी पलंगावर ठेवला. ट्रकवर शिकलेली मोडकीतोडकी अरबी भिकनला येत होती. नडलंच तर पत्रकार मदतीला होता.

"काका," तेजस्विनी म्हणाली, "ही हुदा."

भिकनचं काळीज एक ठोका चुकलं. मी अगदी लागून होतो, म्हणून सांगतो.

"काय नाव?"

"हुदा."

"ताई," तो पुटपुटला, "त्यो खुदा नव्हता म्हनत."

पलीकडे हुदा विचारत होती, काय झालं? मग तिनं आपलं सांगायला सुरुवात केली. ती मामाकडे वाढली. त्या घरात तिच्या वडिलांचं नाव कुणी घेत नसे. घेतलं तर शिव्या देऊन. थांबला का नाही तो? सगळ्या जगाला थांबता येतं, यालाच का नाही आलं? तीही लहानपणापासून वडिलांवर चिडलेली होती. "मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "गाडी चालू होती?"

"सय्यारा वागिफ," भिकन म्हणाला. गाडी उभी होती. मग, "बाबा वागिफ." बापही उभा होता. पुढचे शब्द त्याला येईनात. त्यानं हात वर केले असणार, कारण माझी वायर ताणली गेली.

पलीकडून तिचा हुंदका आला. भिकन तिला म्हणाला, "तुझं नाव घेत व्हता गं. तुझंच." मराठीतच म्हणाला. पत्रकाराला ते समजलं नाही, तेजस्विनीनं समजावून सांगितलं.

माहितीपट पुरा झाला. प्रतिक्रिया मागितल्यावर त्या फौजेच्या कार्यालयानं कळवलं की पूर्वीच्या निवेदनात बदल करण्याचं कारण दिसत नाही. तेजस्विनीनं ते वाक्य जसंच्या तसं शेवटी टाकलं. विंचूरला मंगल कार्यालयात खेळ झाला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्याला काय त्या देशाचं?" नवसाबाई तिथूनच म्हणाली, "त्यो देश माझ्या घरात निजतो." सोमनाथच्या व्हिसाला काही झालं नाही, पण सगळा उन्हाळा तो बापाशी बोलला नाही.

भिकनला अजून रडणं ऐकू येतं. तेजस्विनीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "येतं ना. पन आता कोन रडतंय ते ठाऊक हाय."

मी हल्ली तिच्या टेबलाच्या खणात असतो. वायर हलली की करकरतो, म्हणून तिनं नवा माइक घेतला. माझी काही तक्रार नाही. माझ्यातून गेलेलं शेवटचं बोलणं मात्र तुम्ही ऐकून ठेवा.

हुदाचा पुन्हा फोन आला होता. तिच्याकडे वडिलांचे फोटो होते, आवाज नव्हता. तो आवाज ऐकलेला, तिला सापडलेला एकटा माणूस भिकनच होता. तिनं विचारलं, "ते कसं म्हणाले, तसं एकदा म्हणून दाखवाल?"

भिकन आधी नको म्हणाला. मग कुणी न सांगता उठला, स्वतः पंखा बंद करून आला. त्याचा श्वास मला आत जाताना ऐकू आला, आणि बराच वेळ तो बाहेर आला नाही. मग त्यानं हाक मारली. मोठ्यानं नाही. रस्त्यात पडलेला माणूस जेवढ्या ताकदीनं मारेल तेवढीच. शेवटचा आकार लांबवत, अर्ध्यात सोडून दिलेला.

"हुदाऽ..."

आणि पलीकडून, लहान मुलीच्या आवाजात, तिनं ओ दिली.