किशोरच्या कपाटातले धवले

"मामा, परत थांबलं!" फोनवर भूमिका रडकुंडीला आली होती. "आजीनं आत्ताच तोंड उघडलं होतं."

किशोरने कपाळाला हात लावला. टोकावड्याच्या त्याच्या घरात, तांदळाच्या कणगीशेजारच्या फळीवर, शहापूरहून सेकंडहँड आणलेला कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. पडद्यावर प्रोसेसरचा आकडा शंभर टक्क्यांवर जाऊन बसला होता, आणि तिकडे डोंगराकडच्या वाडीत भूमिकाच्या फोनवर ते गोल चक्र फिरत होतं.

"थांब गो जरा. होईल चालू."

"चालू होतं मामा, पन दोन ओळी झाल्या का परत अडकतं. आजी सूर धरते आन तेवढ्यात बंद. आता तिनं तोंडच फिरवलंय."

किशोरने फोन ठेवला. मागे त्याची बायको रंजिता वाल निवडत बसली होती.

किशोर शूटिंगवाला. मुरबाडपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत कुणाची हळद असली की आधी डीजे ठरतो, मग किशोर ठरतो, मग भटजी. पोटाचा घेर वाढला, कॅमेरे बदलले, पण सदऱ्याचा खिसा बॅटऱ्यांनी फुगलेला असायचा तो तसाच राहिला. या धंद्याची एक रीत असते. हळदीत बायका धवले, म्हणजे लग्नविधींची जुनी गाणी, गातात, ते तासन् तास चालतात. पार्टीला, म्हणजे लग्नघराला, त्यात काडीचा रस नसतो, त्यांना नाच हवा असतो. म्हणून शूटिंगवाला काय करतो, मांडवाच्या कोपऱ्यात स्टँडवर कॅमेरा चालू ठेवतो आणि जेवायला जातो. पुढे एडिटिंगला बसला की तो सगळा भाग कापतो, आणि उरलेल्या चित्रावर सिनेमाची गाणी चढवतो. पार्टी खूश, शूटिंगवाला खूश. किशोरनेही जन्मभर हेच केलं.

फक्त एक खोड त्याला होती. मूळ चित्रण तो कधी पुसायचा नाही. पार्टी कधी परत मागेल सांगता येत नाही, असं म्हणत त्याने हार्डडिस्क घेऊन घेऊन लोखंडी कपाट भरून टाकलं होतं. रंजिता त्या कपाटाला सवत म्हणायची.

आणि त्या कपाटातल्या जवळजवळ प्रत्येक लग्नात लहानी काकी होती.

लहानी काकी रंजिताच्या माहेरची, त्या वाडीची आणि आजूबाजूच्या गावांचीही धवलारीण. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत लग्न तिच्या गळ्यावर चालायचं. कुठल्या वेळी कुठला धवला, कुणाला आधी बोलवायचं, उंबराची फांदी दारात आली की काय गायचं, सगळं तिच्या पोटात. लिहिलेलं काही नाही. गेल्या दिवाळीनंतर तिला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाणी मागायचं तरी नुसता "ब, ब" असा आवाज निघायचा, मग ती लाजून डोळे मिटून घ्यायची. आणि आता तिच्याच नातवाची, अनिलची, हळद तोंडावर आली होती. धवलारणीच्या घरात धवल्याशिवाय हळद लागणार, याचं घरातल्या सगळ्यांना वाईट वाटत होतं. पण उपाय काय?

अनिलची बहीण भूमिका मुरबाडला कंपनीत कामाला. तिने ठरवलं की आपण शिकायचं. ती किशोरकडे आली. "मामा, आजीचे धवले तुमच्याकडं असतील ना?"

"लय हायेत," किशोर ऐटीत म्हणाला आणि त्याने सीडी लावली. पडद्यावर लहानी काकी हात हलवत मनापासून गात होती, आणि आवाज मात्र कुठल्याशा सिनेमातल्या नायिकेचा. किशोर इतका ओशाळला की त्याने सीडी बंद करायच्या ऐवजी टीव्हीच बंद केला.

मग कपाट उघडलं. एका लग्नाचं मूळ चित्रण पेनड्राइव्हवर घेऊन तो स्वतः वाडीत गेला आणि सरपंचांच्या टीव्हीला लावलं. काकीला खुर्चीत बसवून आणलं होतं. धवला सुरू झाला. काकी बघत राहिली. तिसऱ्या ओळीला तिचे ओठ हलले, चौथ्या ओळीला आवाज फुटला. शब्द! बोबडे, पण शब्द. जी बाई "पाणी" म्हणू शकत नव्हती ती आपल्याच जुन्या आवाजाचा हात धरून गात होती. भूमिका तिथेच जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. पुढे कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधीकधी उघडी राहते. मात्र गाणं सलग हवं, मध्ये तुटायला नको.

पण त्या लग्नात कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपली होती. उंबराचा धवला नाही, बोलावण्याचा नाही. कुठला धवला कुठल्या लग्नात आहे हे किशोरला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं, तो त्या वेळी जेवत असायचा. ओळखणार ती काकीच. म्हणून सगळं कपाट एका कॉम्प्युटरला जोडून त्याने घरातच मीडिया सर्व्हर बसवला, म्हणजे इथलं चित्रण वाडीतल्या फोनवर दिसेल. काकीने खाटेवरून फोनवर बघायचं, नको असेल तर मान हलवायची, भूमिकाने पुढचं लग्न लावायचं. बेत झकास होता. सगळं थांबत होतं ते एका ठिकाणी.

"अडतंय कुठं नक्की?" रंजिताने शेवटी सूप खाली ठेवून विचारलं.

"फाइली जुन्या कॅमेऱ्याच्या, जड. वाडीतलं नेटवर्क तर तुला म्हाईत हाय. मग फोनला झेपंल असं चित्र ह्या डब्याला चालता चालता बदलून द्याया लागतं. ते सगळं प्रोसेसर एकटा करतो, दमतो बिचारा."

"मग दुसरा कोन नाय का हाताखाली?"

"हाय ना! त्याच्याच पोटात ग्राफिक्सचा भाग हाय, खास चित्राच्या कामाचा. तो नुसता बसून हाय."

"सगळं आधीच बदलून ठेवा की."

"जागा कुठाय? आन महिने जातील. हळद काय थांबनार हाय?"

सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन नावाची, काम ग्राफिक्सकडे सोपवणारी एक खूण होती. ती किशोरने मोठ्या आशेने चालू केली. झालं, आधी निदान अडखळत चालणारं चित्र आता सुरूच होईना. त्याने खूण काढली, पुन्हा केली, दुसरा पर्याय निवडून पाहिला. युट्यूबवर कुणी कानडी मुलगा हे सगळं हसत हसत करत होता, त्याचा किशोरला राग आला. गोव्याच्या एका माणसाने इंटरनेटवर उत्तर दिलं की सर्व्हरच्या नोंदी उघडून बघा. नोंदीत एकच ओळ परत परत येत होती. परवानगी नाही.

किशोरने ती वाचून रंजिताला अर्थ सांगितला. सर्व्हरचा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये स्वतःच्या वेगळ्या नावाने राहतो, आणि ग्राफिक्सला हात लावायची ज्यांना मुभा आहे त्यांच्यात ते नाव घातलेलंच नव्हतं.

रंजिता अंगणवाडीत मदतनीस होती. ती हसायला लागली. "म्हंजे आमच्यासारखंच की! खाऊ कपाटात, पोरं रांगेत, आन चावी बाईंच्या पर्समधी. द्या की त्याला चावी!"

दिली. एका ओळीची आज्ञा होती. तरीही चालेना. किशोर हताश होऊन उठला, तोंड धुऊन आला, आणि तेव्हा त्याला सुचलं की चावी दिल्यावर मशीन एकदा बंद करून चालू करावं लागतं. आयुष्यभर सीडी अडकली म्हणणाऱ्यांना "टीव्ही बंद करून चालू करा" असं सांगणारा माणूस, पण स्वतःवर वेळ आली की विसरला.

कॉम्प्युटर पुन्हा उठला. त्याने एक लग्न लावलं. प्रोसेसरचा आकडा वर चढला, घुटमळला आणि खाली येऊन तिथेच राहिला. पंख्याची घरघर ओसरली.

"मेला का काय तो?" रंजिता स्वयंपाकघरातून ओरडली.

"नाय गो. चाललाय!"

फोन त्याने करायच्या आधीच वाजला, अनिलच्या नंबरवरून. भूमिकाने तो आजीच्या खाटेजवळ नुसता धरला होता. पलीकडून लहानी काकीचे दोन आवाज येत होते, एक भरदार, जुना. दुसरा चिरका, मागून धावत येणारा. मध्ये कुठेच थांबत नव्हतं. किशोरने स्पीकर लावला. रंजिता ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि दोघं ऐकत राहिली. किशोरला फार बरं वाटलं. इतक्या लग्नांचं शूटिंग केलं, पण कुणाच्या एवढ्या उपयोगी आपण पडलो नव्हतो, असं त्याला वाटलं आणि ज्याने कुणी त्याला मूळ चित्रण न पुसण्याची बुद्धी दिली त्याला त्याने मनात हात जोडले.

पुढचे दिवस काकीने एकामागून एक लग्नं बघितली. मान हलवली, पुढे नेली, हवं ते सापडलं की डाव्या हाताने खाटेवर थाप मारली. ती गायची, भूमिका तिच्यामागे म्हणायची.

अनिलच्या हळदीला संध्याकाळी मांडव भरला. डीजेवाल्याला बाहेर चहा देऊन बसवलं होतं. काकी खुर्चीत, शेजारी भूमिका, हळद लागल्यासारखी घाबरून पिवळी पडलेली. किशोर समोर कॅमेरा घेऊन. भूमिकाने सूर लावला. पहिली ओळ तिने एकटीने म्हटली, दुसरीला काकीचा चिरका सूर येऊन मिळाला, मग बायकांनी मागून ओढून धरला.

बोलावण्याचा धवला आला. यात लग्नासाठी राबलेल्यांना एकेक करून हाक मारायची असते. ज्याचं नाव निघतं त्याने पुढे यायचं आणि धवलारणीने त्याला हळद लावायची.

"घडं घेऊन कुंभार आला गो, मांडवी बसवा त्याला."

कुंभार पुढे आला, वाकला.

"सुपं घेऊन बुरूड आला गो, मांडवी बसवा त्याला."

बुरूड आला. धवला इथे संपत होता. भूमिका थांबली. पण काकीने डावा हात वर केला आणि बायका गप्प झाल्या. काकीचं तोंड उघडं राहिलं. काहीतरी आत शोधत असल्यासारखी ती डोळे मिटून थोडी मागेपुढे झुलली. भूमिका घाबरून तिच्याकडे वळली. मग तो चिरका आवाज आला, आणि या वेळी पुढून ओढायला दुसरा कुठलाही आवाज नव्हता.

"चितार... घेऊन... जावय आला गो..."

चितार म्हणजे चित्र, शूटिंग, हे बायकांना कळायला क्षण लागला. मग सगळ्या मांडवाने ओळ उचलली. "मांडवी बसवा त्याला!"

कुणीतरी किशोरला पाठीत ढकललं. "अवो जावय, नाव निघालं तुमचं! जा की!"

या हळदीच्या चित्रणात इथे कॅमेरा एकदम खाली जातो. मग शेणाने सारवलेली जमीन दिसते, सांडलेली हळद, बायकांची जोडवी घातलेली बोटं, आणि खुर्चीखाली लहानी काकीचं न हलणारं पाऊल. त्या पावलावर किशोरचा हात येतो आणि बराच वेळ तिथेच असतो. वर गाणं चाललेलं असतं.

एडिटिंगला बसल्यावर रंजिता मागून डोकावली. "ह्ये काय, नुसतं पायच दिसतायत. कापा की."

"राहू दे," किशोर म्हणाला.