एका तोंडात दोन स्प्रिंगा

नणंद दातांची डॉक्टर असली की भाचीचं तोंड घरचंच. लेकीचे सुळ्यांमागचे दोन दात काढून झाले, तारा बसल्या, आणि राहिलेल्या फटी मिटवायला ताईंनी उजवीकडे निकेल-टायटॅनियमची स्प्रिंग लावली, डावीकडे साध्या स्टीलची. "कुठली बरी ते एकाच तोंडात कळेल," म्हणाल्या. लेक तयार, तिचा बाबा तयार. आईला मात्र एकच धास्ती. एक बाजू पुढे पळाली आणि पोरीचं हसू वाकडं झालं म्हणजे?

मग तिनं वाचून काढलं. निकेल-टायटॅनियम सतत ओढत राहतं, पण गारव्यानं सैल पडतं. स्टीलला त्याचं सोयरसुतक नाही. झालं! शाळेतून आल्या आल्या लेकीच्या उजव्या गालात बर्फाचं पाणी.

"धर अजून. गिळायचं नाही."

लेक गाल फुगवून डोळे वटारायची.

तपासणीला ताईंनी फट मोजायचा कॅलिपर उजवीकडे लावला, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. "कमाल आहे. दोन्ही फटी अगदी सारख्या मिटतायत."

"मिटणारच," लेक म्हणाली. "आई उजवीला रोज बर्फात बसवते."

"वहिनी?"

पर्सचा बंद पिळत आईनं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या तुलनेवर पाणी ओतलंस!" ताईंना चिडावं की हसावं कळेना. "अगं, घोटभर गारव्यानं काय होतंय? पाणी थुंकलं की तोंड पुन्हा गरम, स्प्रिंग पुन्हा कामाला."

"मग माझा काहीच उपयोग झाला नाही?"

"झाला ना," लेक म्हणाली. "मला सर्दी झाली."

ताईंनी कॅलिपर ठेवला. "एवढा जीव टांगणीला लागत असेल तर आत्ता दोन्हीकडे एकच लावते. बोल."

हेच तर तिला पहिल्या दिवसापासून हवं होतं. पण ती आधी दिव्याखाली वाकली. पुढच्या दोन दातांमधली रेघ बरोब्बर नाकाच्या खाली होती, इकडे नाही की तिकडे नाही. लेकीनं मुद्दाम सगळे दात विचकले. सरळ, लख्ख, आगाऊ हसू.

"राहू द्या, ताई. चाललंय ते छान चाललंय."

"आणि बर्फ?"

"बंद."

ताई स्टीलची स्प्रिंग ताणायला वाकल्या.

"दुखेल का हो?" आईनं विचारलं.

"कुणाला, तुला की हिला?"