डाव्या कोपऱ्याशेजारचा

कबड्डी बघायला शंभर माणसं आली तर त्यातली नव्वद चढाई बघतात, सातजण पकड बघतात आणि तिघं भेळ खायला आलेले असतात. पकड करणाऱ्याच्या शेजारी जो उभा असतो त्याला कुणी बघत नाही. त्याची आई आली तरी ती रेडरकडंच बघते. हे मला माझ्या बहिणीनं, खुर्शिदनं, स्वतः सांगितलंय. तिचा पोरगा शाकीर सहा वर्षं आमच्या टीममध्ये त्याच जागेवर उभा होता.

मी अयुब शेख, राहणार शिरूर. रांजणगावला एमआयडीसीत पंख्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत टाइम ऑफिसला नोकरी केली आणि तिथल्या कबड्डी टीमचा कोच होतो. टीम म्हणजे कामगारच. फर्स्ट शिफ्ट सुटली की चार वाजता कॅन्टीनच्या मागच्या मोकळ्या जागेत पोरं चड्डीवर यायची. शाकीर माझा भाचा, म्हणून घरी मला मामू म्हणायचा आणि मैदानावर मामा. मग सगळ्या टीमनंच मामा म्हणायला सुरुवात केली. पुढं पुढं साहेबसुद्धा मामाच म्हणायला लागले.

आमच्याकडं चढाई करणारे होते ते परमनंट. हौशीराम नावाचा आमचा मुख्य रेडर तर पहिल्याच वर्षी परमनंट झाला, कारण तो एकदा तिघांना घेऊन परत आला आणि ते कंपनीच्या मोठ्या साहेबांनी बघितलं. पकड करणारे मात्र सगळे कॉन्ट्रॅक्टवर. अकरा महिने काम, मग एक महिना ब्रेक, मग नवा गेटपास आणि पुन्हा अकरा महिने. शाकीरचे असे सहा गेटपास झाले. प्रत्येकावर त्याचा फोटो नवा आणि सही पर्सोनेल मॅनेजर सोमण साहेबांची.

डाव्या कोपऱ्यात दत्ता, राहू गावचा. त्याच्या शेजारी शाकीर. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, ही साखळी. रेडर आत आला की दत्ता खाली सूर मारून त्याचा घोटा धरायचा आणि लोक दत्ताच्या नावानं शिट्ट्या मारायचे. आता यात खरी गंमत अशी, की दत्ताची नजर रेडरच्या पायावर असायची आणि शाकीरची कमरेवर. पाय फसवतो, कमर फसवत नाही. रेडर कुठं वळणार हे शाकीरला आधी कळायचं. तो दत्ताची करंगळी दाबायचा, आणि करंगळी दाबली की दत्ता सूर मारायचा. शिवाय त्याआधी अर्धं पाऊल पुढं सरकून रेडरला कोपऱ्याकडं हाकलायचं कामही शाकीरचंच. हे त्या दोघांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. बाकी कुणाला कळायचं काही कारण नव्हतं.

मी एक वही ठेवायचो. त्यात कुणाची चढाई किती, कुणाची पकड किती. रिवाज असा, की पहिला हात ज्याचा लागला, पकड त्याच्या नावावर. त्यामुळं ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी वहीत दत्ताच्या नावावर एकाहत्तर पकडी होत्या आणि शाकीरच्या नावावर नऊ. वही मीच लिहिलेली, अक्षरही चांगलं आहे माझं.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये सोमण साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मामा, डाव्या बाजूच्या दोघांतला एक परमनंट करायचा आहे. दुसऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट आता रिन्यू होणार नाही, दोन नवे रेडर आणायचे आहेत. तुम्ही एक नाव लिहून द्या, मी सही करतो."

"मीच देऊ?"

"टीम तुमची आहे. मला त्यातलं काय कळतं?"

हे शेवटचं मात्र त्यांनी अगदी खरं सांगितलं.

आता शाकीरला परमनंट होणं का हवं होतं ते सांगतो. दौंडला शाहनवाजभाई म्हणून रेल्वेतले एक गृहस्थ होते. त्यांची मुलगी सुहाना. तिला शाकीरनं बघितलेलं होतं, तिनंही त्याला बघितलेलं होतं, आणि दोघांनी नाही म्हणावं असं काही नव्हतं. शाहनवाजभाईंचं म्हणणं एवढंच, "लेटर आलं की या, तारीख धरू." दोन वर्षं असं चाललेलं. खुर्शिद दर ईदला दौंडला शीरखुर्म्याचा डबा पाठवायची, शाकीर तो एसटीनं घेऊन जायचा, आणि परत आला की दोन दिवस प्रॅक्टिसला त्याचं लक्ष नसायचं. वय अठ्ठावीस झालं होतं. आमच्यात हे वय थोडं नव्हे.

आणि मी कसा माणूस, तेही सांगायला हवं. मी सरळ माणूस. हे माझं मी म्हणत नाही, घोडनदीच्या, म्हणजे आमच्या शिरूरच्याच, बाजारात कुणालाही विचारा. सुरुवातीच्या वर्षी माझ्या बायकोच्या लांबच्या एका भावाला पॅकिंगला लावला होता, तर चहाच्या टपरीवर एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "मामाचं बरं हाय, आख्खी सासुरवाडी कंपनीच्या बसमदी बसवलीया." ते मला असं झोंबलं, की त्या दिवसापासून मी कुणाच्याही अध्यात नाही की मध्यात नाही. शाकीर टीममध्ये आला तो बाकीच्या पोरांबरोबर मातीत चाचणी देऊन. त्याला मी इतरांपेक्षा दोन फेऱ्या जास्तच पळवायचो.

साहेबांनी बोलावल्याचं पोरांना कळलंच. दुसऱ्या दिवशी दत्ता टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. पंच करायचं कार्ड हातात, पण पंच करेना.

"मामा, एक बोलू का?"

"बोल."

"शाकीरचं नाव द्या."

"का?"

"आवो, तुमाला काय म्या सांगायचं. त्यो बोट दाबतो तवा म्या उडी मारतो. त्यो नसला तर म्या कवा उडी मारायची? आन् माझं काय, राहूला आमचा ऊस हाय, कांदा हाय, दोन भाऊ हायेत. त्याचं लगीन अडलंय."

एवढं ऐकून कुठल्याही शहाण्या माणसानं पोराच्या पाठीवर हात ठेवला असता. मला राग आला. माझ्याच खिडकीत उभा राहून हा मला न्याय शिकवतो! शिवाय मागं रांगेत पाच-सहा माणसं होती आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता शाकीरचं नाव दिलं तर हीच माणसं म्हणणार, मामानं आधी दत्ताला पढवला आणि मग भाच्याला चिकटवला.

"तू तुझं कार्ड पंच कर," मी म्हणालो. "लेट मार्क लागंल."

त्या संध्याकाळी मी कागदावर दत्ताचं नाव लिहिलं. कारणाच्या जागी वहीतला आकडा लिहिला, एकाहत्तर. कागद साहेबांच्या शिपायाकडं दिला आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसलो. शाकीर माझ्या शेजारीच बसायचा, त्या दिवशीही बसला. शिरूर येईपर्यंत तो मला विचारत होता, की उजव्या बाजूच्या नव्या पोराला रेडरचे पाय ओढून पट कसा काढायचा ते शिकवू का. मी म्हणालो, शिकव.

दत्ताला लेटर मिळालं. त्यानं ते घेतलं, कारण नोकरी आहे, कोण सोडतो? पण टीममध्ये पेढे वाटले नाहीत. शाकीरनं गेटपास परत केला, बुटांची जोडी परत केली, सगळ्यांशी हात मिळवला आणि मला म्हणाला, "मामू, तुम्ही बरोबरच केलं असणार." टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं ते मनापासून म्हटलं होतं.

खुर्शिद माझ्याकडं आली. आम्ही घरात दखनी बोलतो, पण माझी बहीण खरी रागावली की मराठीत बोलते.

"भाई, तुमी लई सरळ हाय, मान्य हाय मला. लोकांच्या तोंडाला फडकं बांधता येत न्हाई म्हनून माझ्याच पोराचं तोंड बांधलं व्हय? कोण म्हनलं असतं आन् किती दिस? आठ दिस म्हनलं असतं. न्हाईतर पंधरा."

"आकडा दत्ताचा जास्त होता."

"आकडा लिवला कुनी?"

चहा न घेता ती गेली. पुढं महिन्याभरानं दौंडहून निरोप आला, की सुहाना अजून लहान आहे, लग्नाची घाई नाही. दोन वर्षं लग्नाजोगी असलेली मुलगी एकदम लहान झाली. दिवाळीनंतर तिचं सोलापूरकडं एका परमनंट माणसाशी लग्न झालं.

शाकीरला पलीकडच्या प्लॉटवरच्या एका कंपनीनं घेतलं. पुन्हा अकरा महिने, पुन्हा गेटपास. आमच्या टीममध्ये दत्ताच्या शेजारी एक नवा पोरगा उभा केला, उंच, अंगानं भरलेला. दत्ताचं सगळं बिनसलं. आधी उडी मारायचा नाहीतर नंतर. रेडर त्याच्यावरून कुंपण ओलांडल्यासारखे जायचे. मी ओरडायचो, तो खाली बघायचा. एकदाही उलटून बोलला नाही. बोलला असता तर काय म्हणाला असता, ते मला पाठ होतं.

पुढच्या फेब्रुवारीत शिरूरला एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या स्पर्धा होत्या. दुसऱ्याच सामन्यात आमची गाठ शाकीरच्या टीमशी पडली. मांडव घातलेला, पुढच्या रांगेत साहेबांच्या खुर्च्या. सोमण साहेब आले होते आणि त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

हौशीराम पहिल्या चढाईला गेला. रोजच्यासारखा पाय नाचवला. शाकीर अर्धं पाऊल सरकला, त्याच्या शेजारच्या कोवळ्या पोरानं सूर मारला, आणि हौशीराम तोंडावर आपटला. लोक त्या पोराच्या नावानं ओरडले. दुसऱ्या चढाईला तेच. तिसऱ्या वेळी हौशीराम उजवीकडून शिरला, तर शाकीर तिकडं सरकून त्याच्या वाटेत आडवा उभा. चौथ्या वेळी तो नुसती निदानरेषा ओलांडून, हजेरी लावून परत आला. आमच्यावर दोन लोण चढले. मी आमच्या टीमचा कोच, मला वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र खुर्चीत बसवत नव्हतं, इतका मी खूश होतो.

सोमण साहेबांनी पुढं वाकून बोट केलं. "मामा, तो कोण हो? सूर मारणारा नाही, त्याच्या शेजारचा. मघापासून बघतोय, सगळं तोच करतोय."

सहा वर्षांत कुणी हे बघितलं नव्हतं. आता बघितलं, तेही नेमकं यांनी.

"शाकीर," मी म्हणालो.

"असा एक आपल्याला का नाही मिळत?"

"साहेब, सहा वर्षं आपल्याकडंच होता. तुमच्याच सहीचे सहा पास हायेत त्याच्याकडं. मागच्या साली दत्ताचं नाव दिलं आन् ह्याला सोडला."

"अरेच्चा. हा तो दुसरा? मग याचं का नाही दिलंत?"

"भाचा हाय माझा. सख्ख्या बहिणीचा."

साहेब हसले, वाईट हसले नाहीत, समजून घेतल्यासारखे हसले.

"मामा, भाचा आहे हे तेव्हाच सांगायचं ना. एक जागा टीमच्या नावावर होती, ती दत्ताला दिली. पण दुसरी एक मी हातात ठेवली होती. म्हटलं, मामा इतकी वर्षं टीम सांभाळतायत, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, आता कुणातरी घरच्यासाठी शब्द टाकतील. सगळेच टाकतात. मे महिन्यापर्यंत वाट बघितली. तुम्ही आलाच नाहीत, मग स्टोअरवाल्याच्या मेव्हण्याला घेतलं."

"आता?"

"आता कुठली? आता भरती बंद आहे. वरूनच ऑर्डर आहे."

तेवढ्यात शिट्टी झाली आणि सामना संपला. साहेब बक्षिसाच्या टेबलाकडं गेले. पकडीचं बक्षीस त्या सूर मारणाऱ्या पोराला मिळालं, स्टीलची कळशी. शाकीरनं त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि अंगाची माती झटकत माझ्याकडं आला.

"मामू, त्ये साहेब माझ्याकडं बोट करून काय म्हनत हुते?"

मला सगळं सांगता आलं असतं.

"चांगला खेळतो म्हनलं."

"मी? का त्यो कोपऱ्यातला?"

"तू."

"नाव घेऊन म्हनलं?"

"व्हय. म्हनलं, शाकीरसारखा दुसरा न्हाई. सहा वर्षं ध्यानात हाय म्हनलं त्यांच्या."

त्यानं मान खाली घातली, पण हसू काही त्याला लपवता येईना. तिथनंच तो पलीकडं बसलेल्या आईला हाका मारत सुटला, "अम्मी, साहेबानं नाव घेतलं माझं!" खुर्शिद उठून माझ्याकडं बघायला लागली, आणि मी टीमला घेऊन आलेल्या बसकडं चालू लागलो.