रोजची बारा पुस्तकं

बाइंडरबाईंना मिळणार होतं ते असं: कायमची नोकरी, भरपगारी रजा आणि पाठ टेकायला खुर्ची. अठरा वर्षं त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसून फाटकी पुस्तकं शिवत होत्या, तेव्हा यादीत खुर्ची पहिली धरली तरी चालेल. बदल्यात ग्रंथपालसाहेबांनी मागितलं होतं अगदी थोडं. महिनाभर रोज बारा पुस्तकं.

पहिल्या आठवड्यात बाईंनी बाराची तेरा करून दाखवली. एकविसाव्या दिवशी मात्र ढीग मोजणारं साहेबांचं बोट पाचावर अडलं.

"बाई, पाच?"

"पाच."

"आणि ही इथे कशाला?"

ही म्हणजे फरशी पुसणाऱ्या बाईची मुलगी. तिसरीतली. शाळा सुटली की आईबरोबर यायची आणि आईचं काम उरकेपर्यंत या खोलीत बसायची. वर्गात ती शब्दाला बोट लावून वाचायची, म्हणून पोरांनी तिचं नाव ठेवलं गोगलगाय. नावं ठेवायला पोरांचं काय जातं? ती मात्र वाचायचीच थांबली. वाचायची पाळी आली की तिचं डोकं दुखायचं.

तिला शिकवावं वगैरे बाईंच्या मनातही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं काम अडलं होतं.

"शिवून झालं की जोड बघायचा असतो," त्या म्हणाल्या होत्या. "पानाची शेवटची ओळ वाचायची, मग पुढच्या पानाची पहिली. जुळलं तर ठीक. माझे डोळे शिणतात. बघतेस?"

"मी हळू वाचते, मावशी."

"मग तूच पाहिजेस. भरभर वाचणारी माणसं भारी लबाड. मधलं पान नसलं तर मनातलं घालून पुढे सटकतात."

तिसऱ्याच दिवशी गोगलगाय म्हणाली, "मावशी, अस्वल झाडावर चढलं. आणि आता बोटीतून उतरतंय. बोटीत बसलं कधी?"

बाराच्या नादात पानांची एक घडी शिवायचीच राहिली होती. ती कातरणांच्या टोपलीत सापडली. बाईंनी पुस्तक उसवलं, पण पोरगी घडी सोडेना. बोटीतलं अस्वल शेवटपर्यंत वाचून, मधे दोनदा एकटीच हसून, मगच तिनं ती परत दिली. त्या दिवसापासून ती जोडावर थांबेना, अख्खी पानं वाचू लागली. बाई थांबून ऐकू लागल्या. आकडा घसरत घसरत पाचावर आला.

"ही शाळा नाही, बाई," साहेब आता म्हणाले. "नऊ दिवस राहिलेत. पोरीला बाहेर बसवा, हात चालवा, मी सही करतो."

"ती जोड बघते, साहेब."

"ही? हिची आईच म्हणते, हिला वाचता येत नाही." साहेबांनी कपाटातून पहिल्या आठवड्यातलं एक पुस्तक ओढलं. "वाच बघू."

बाईंची सुई थांबली. त्या आठवड्याची घाई त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक? 'ते नको, दुसरं देते' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या म्हणाल्या, "वाच गं. बोट लावूनच वाच. घाई आहे ती साहेबांना."

गोगलगाय वाचू लागली. दारात तिची आई पोछा धरून उभी राहिली, तिच्या मागे वाचनकक्षातली दोनचार रिकामटेकडी डोकी. साहेब घड्याळ बघत "पुढे, पुढे" करत होते. चौथ्या पानाशी आवाज बंद पडला.

"अडली!" साहेब म्हणाले.

"अडले नाही." पोरीनं बाईंकडे पाहिलं. शिलाई कुणाच्या हातची, हे तिला समजत होतं.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस? पुस्तकात काय दिसलं ते सांग."

"इथे म्हातारी मेली. सगळे रडले. आणि या पानावर ती चहात साखर कमी म्हणून ओरडतेय."

दारात कुणीतरी फिसकन हसलं.

"चालतं तेवढं," साहेब म्हणाले. "वाच पुढे."

"नाही चालत!" एवढा मोठा आवाज आपल्याकडे आहे, हे बहुधा तिलाही तेव्हाच कळलं. "मधलं काहीतरी गेलंय. ते आणा, मग वाचते."

साहेबांनी पुस्तक उलटंसुलटं केलं. "कोणी शिवलं हे?"

"मी," बाई म्हणाल्या. "रोज बारा काढत होते ना, तेव्हा. त्या आठवड्यातली सगळी आणा. ही तपासेल."

सगळी आणली. तपासायला महिनाअखेर उजाडली. नऊ पुस्तकं अर्धवट निघाली, ती पुरी झाली.

हिशोब सरळ आहे. बाईंच्या नोकरीच्या कागदावर साहेबांची एक ओळ खर्ची पडली, 'काम सदोष' एवढी. वाचनालय फायद्यात. गोगलगाईचं नाव काही सुटलं नाही, पण वर्गात वाचायची पाळी आली तेव्हा ती उठली, शब्दाला बोट लावलं आणि हसणाऱ्यांसकट सगळ्या वर्गाला धडा संपेपर्यंत ताटकळत ठेवलं. किंमत भरली ती एकट्या बाईंनी. खुर्ची गेली, कायमची नोकरी गेली. त्या अजून स्टुलावरच बसतात. संध्याकाळी कंबर धरून जरा ताठ होतात, सुईत दोरा ओवतात आणि म्हणतात, "हं, वाच. सावकाश."