रिकाम्या हाताने परतलेली पट्टी

मित्रांनो, अमळनेरच्या एका महाविद्यालयात, भौतिकशास्त्राच्या कपाटात पडून असलेली मी एक जुनी पट्टी आहे. एके काळी नितळ, आता पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकची, पण साधी नव्हे. एखादा सूक्ष्म कण मला धक्का देऊन गेला, की माझ्यात क्षणभर निळसर प्रकाश चमकतो.

मला काळ्या कागदात गुंडाळून, माझ्यासारख्या इतर पट्ट्यांसोबत परदेशातल्या एका कणत्वरकापाशी, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रापाशी बसवलं. तिथे वेगवान कणांचा झोत लोखंडाच्या जाड भिंतीवर आदळत असे. विश्वातला पुष्कळसा पदार्थ दिसतच नाही. त्याला कृष्णपदार्थ म्हणतात. त्याचा एखादा कण त्या धडकेत जन्मला, तर भिंत ओलांडून मला धक्का देईल, अशी आशा होती. माझी देखभाल हेमांगीताई करत. अमळनेरजवळच्या खेड्यातल्या धनसिंगआबांची ही मुलगी तिथे संशोधन करत होती.

वर्षं गेली. मी अंधारात वाट पाहत राहिले. मग एका दुपारी मी चमकले, पुन्हा चमकले. ताईंनी लगेच फोन लावला.

"आबा, काहीतरी दिसी ऱ्हायनं!"

आबांनी गावभर पेढे वाटले.

ताईंनी मात्र तपास सोडला नाही. भिंतीत एक फट निघाली. तिच्यातून साधे न्यूट्रॉन झिरपून मला धक्का देत होते. ताईंनीच ती बुजवून घेतली. त्यानंतर मी चमकले नाही. प्रयोग बंद झाला, बाकीच्या पट्ट्या भंगारात गेल्या. मला ताईंनी मागून घेतलं.

ताई गावी परतल्यावर आबांनी विचारलं, "बेटा, सापडनं का?"

"नई, आबा."

"मंग ते शे का नई?" ते मुळात आहे की नाही, एवढंच आबांना हवं होतं.

"माहीत नई."

आबांनी मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "मी बठ्ठा गावले सांगी बसनू," एवढंच बोलून ते आत गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

ताई आता इथे शिकवतात. नव्या प्रयोगांची बोलावणी येतात, त्या जात नाहीत. परवा त्या मला वर्गात दाखवत होत्या, तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग मिळालं काय?"

"तो कण कुठे कुठे नाही, तेवढं कळलं," ताई म्हणाल्या. वर्ग हसला. ताईंनी मला कपाटात ठेवून दार लावलं.

मित्रांनो, मला उघड्या बोटांनी हाताळू नका; घामाने मला बारीक तडे जातात. आणि शोधायला गेलेलं माणूस रिकाम्या हाताने परतलं, तर त्याला हसू नका. माझं म्हणाल, तर पिवळी पडलेली पट्टी पुन्हा नितळ होत नाही.